सहावीतल्या मुलीला शाळेच्या बँडपथकात घालावे का?

कोथरूडची आई

नमस्कार. माझी मुलगी यंदा सहावीत गेली. तिच्या शाळेत सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांमधून बँडपथकाची निवड होते आणि या वेळी तिचे नाव यादीत आले आहे. संमतीपत्र शनिवारपर्यंत द्यायचे असून त्यावर सही करावी की नाही, याबद्दल घरात एकमत होत नाही.

तालीम मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळी पावणेसातला असते. शाळा आठला भरते. १५ ऑगस्ट, क्रीडादिन आणि २६ जानेवारी यांच्या आधीचे दोन-तीन आठवडे ती रोज होते. शाळेची व्हॅन आमच्याकडे सव्वासातला येते, त्यामुळे त्या दिवशी तिला डेक्कनपर्यंत आम्हालाच सोडावे लागेल. ती तीन वर्षे तबला शिकते आहे आणि गेल्या वर्षी तिने गांधर्व मंडळाची प्रवेशिका प्रथम परीक्षा दिली. ताल पक्का आहे म्हणून बँडचे सर तिला साइड ड्रम, म्हणजे दोन काठ्यांनी वाजवायचा छोटा ढोल, देऊ म्हणतात. तिला स्वतःला मात्र क्लॅरिनेट, म्हणजे तोंडाने फुंकायचे वाद्य, हवे आहे. तबल्याच्या गुरुजींच्या मते काठी धरली की हात बिघडतो. शिवाय दिवाळीनंतर तिच्या दातांना तारा बसवायच्या आहेत. आणि माझे सासरे, जे एरवी तिचा तबला ऐकायला आवर्जून समोर येऊन बसतात, ते एवढेच म्हणाले, "आपल्या घरात आता वाजंत्री निघायचे तेवढे राहिले होते."

तिचा उत्साह खरा आहे. पण मागच्या वर्षी स्केटिंगबद्दलही तो तितकाच खरा होता आणि ते स्केट्स आता माळ्यावर आहेत. ज्यांनी स्वतः बँडमध्ये वाजवले आहे किंवा ज्यांची मुले त्यात होती, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

माजी पाइपवादक

मी सहावी ते नववी शाळेच्या पाइप बँडमध्ये होतो. पहिले पाच महिने बॅगपाइपची पिशवी हातातही मिळाली नाही. बासरीसारखी एक नळी, जिला चँटर म्हणतात, तिच्यावरच बोटे बसवून घेतली गेली. आमचे बँडमास्तर लष्करातून निवृत्त झालेले होते. लष्करी वादकांसाठी पचमढीला १९५० पासून स्वतंत्र प्रशिक्षण केंद्र आहे आणि त्या वळणाच्या माणसाची शिकवण्याची पद्धत आपल्या क्लासच्या गुरुजींपेक्षा अगदी निराळी असते. ते रागावत नसत, समजावूनही सांगत नसत. एखाद्याचे चुकले की सगळ्यांना पहिल्यापासून वाजवायला लावत.

बँडमधली धून अवघड नसते, ती चालत वाजवणे अवघड असते. तेज चालीत मिनिटाला १२० पावले पडतात आणि मोठ्या ढोलाचा ठोका डाव्या पायावर यावा लागतो. मैदानाच्या कोपऱ्यावर रांग वळते तेव्हा आतल्या बाजूच्या मुलाने जवळजवळ जागच्या जागी पाय टाकायचे आणि बाहेरच्याने ढांगा टाकायच्या, तरी रांग सरळ राहिली पाहिजे आणि धून तसूभरही रेंगाळता कामा नये. हे पहिल्यांदा जमले तो दिवस मला अजून आठवतो. तबल्याच्या क्लासमध्ये आपण अडखळलो तर गुरुजी थांबतात. बँडमध्ये कोणी थांबत नाही, आपणच पुढच्या समेला पुन्हा आत शिरायचे असते. आपल्या मुलीला हे मानवेल का, याचा अंदाज आपणच घेऊ शकाल.

आता दुसरी बाजूही सांगतो. चार वर्षांत आम्ही सहाच धुना वाजवल्या. जेमतेम ५२ सेकंदांच्या राष्ट्रगीतासाठी आम्ही पाहुण्यांची वाट पाहत तास-तासभर उन्हात उभे राहिलो आहोत, आणि एका वर्षी दोन मुले चक्कर येऊन पडल्यावरही शाळेने त्यातून काही धडा घेतला नाही. तेव्हा पथक फक्त संचलनापुरते आहे की वर्षभर नवे काही शिकवले जाते, हे अवश्य विचारा. प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने राष्ट्रीय पातळीवर शालेय बँडस्पर्धा होते. तिच्यात मुलांचे आणि मुलींचे, ब्रास (पितळी वाद्यांचे) आणि पाइप, असे वेगवेगळे गट असतात. शाळा तिच्यात उतरत असेल तर वादनाचा दर्जा चांगला असेल, पण सगळा हिवाळा त्यात जाईल हेही गृहीत धरा.

वादनशिक्षिका, सहकारनगर

गुरुजींच्या आक्षेपात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. तबला बोटांत आणि पंजाच्या ठेवणीत असतो, तर साइड ड्रम मनगटात आणि काठीच्या उसळीत. आठवड्यातून तीन वेळा काठी धरल्याने तबल्याचे 'तिरकिट'सारखे बोल बिघडत नाहीत. रोजचा रियाज सुटल्याने ते बिघडतात. माझा साइड ड्रमला विरोध आहे तो वेगळ्याच कारणाने. ताल तिच्याकडे आहेच, म्हणून सरांना ती तिथे सोयीची वाटते. क्लॅरिनेटमुळे तिला सूर मिळेल, श्वास मिळेल आणि स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचता येईल. वाढत्या वयात हे शिकणे सोपे जाते.

अडचणी मात्र आहेत. क्लॅरिनेटची काही छिद्रे किल्लीने नव्हे, बोटाच्या गादीने झाकावी लागतात आणि एखाद्याची कड जरी उघडी राहिली तरी वाद्य चिरकते. उजव्या हाताची अनामिका नीट पोहोचते का, आणि उजव्या अंगठ्यावर वाद्याचा भार किती वेळ पेलतो, हे सही करण्याआधी तिच्या हातात वाद्य देऊन पाहावे. दातांचे म्हणाल तर वरचे दात मुखनळीवर टेकतात आणि खालचा ओठ खालच्या दातांवरून आत दुमडतो, म्हणून खालच्या तारा ओठाला आतून टोचतात. दंतवैद्य त्यासाठी मेण देतात आणि बहुतेक मुलांना काही आठवड्यांत सवय होते. ट्रंपेट मागितला असता तर मी तारा निघेपर्यंत थांबा म्हटले असते, कारण त्यात ओठ थेट दातांवर दाबला जातो.

मुखनळी आणि रीड (तिच्यावर बसवायची पातळ पट्टी) मुलीची स्वतःची घ्या. शाळेची वापरू देऊ नका. ती दर वर्षी कोणाकोणाच्या तोंडातून आलेली असते हे मी पाहिले आहे. तालीम बंद सभागृहात होत असेल तर कानात घालायचे बोळेही द्या. सतत ८५ डेसिबलच्या वरचा आवाज कानांना घातक मानतात आणि बंद खोलीतले ड्रम ती मर्यादा सहज ओलांडतात.

एक गंमत आधीच सांगून ठेवते, म्हणजे घरी गोंधळ होणार नाही. शाळेतले क्लॅरिनेट बहुधा बी-फ्लॅटचे असते. कागदावरचा 'सी', म्हणजे पेटीची पांढरी एक, वाजवला की पेटीवर तो काळी पाचला लागतो. पहिल्या आठवड्यात ती घरच्या पेटीशी सूर जुळवून पाहील आणि वाद्य खराब आहे म्हणून रडेल. माझ्या निम्म्या विद्यार्थ्यांनी हे केले आहे.

दोन मुलांची आई

माझ्या मुलाने सातवीच्या दिवाळीत बँड सोडला. वाद्याचा कंटाळा त्याला आला नव्हता, सकाळच्या धावपळीने आम्ही थकलो होतो. तेव्हा सोडायला कोण जाणार, हे वारानुसार आजच कागदावर लिहा. "बघू, होईल काहीतरी" याचा अर्थ आमच्या घरात "आई जाईल" असा निघाला. स्कॉलरशिपची परीक्षा पूर्वी आठवीला असे, आता ती सातवीला आली आहे, म्हणजे सहावी हेच त्यातल्या त्यात मोकळे वर्ष. घालायचे असेल तर आत्ताच घाला, आणि प्रजासत्ताक दिनापर्यंत सोडायचे नाही असे तिच्याशी आधीच ठरवा.

नारायण पेठेतील आजोबा

आपल्या सासऱ्यांच्या वाक्याबद्दल लिहितो, कारण त्यांच्या पिढीतला मीही आहे. ज्यांच्या सनईशिवाय आपली मंगलकार्ये सुरू होत नसत, त्यांची पंगत मात्र आपण शेवटी मांडत असू. 'वाजंत्री' हा शब्द तिथून तसा आला आहे, आणि तो नातीच्या संदर्भात तोंडातून निघावा याचे त्यांनाही नंतर वाईट वाटले असेल. विसर्जनाच्या मिरवणुकीत प्रभात बँड येण्याची वाट पाहत लक्ष्मी रस्त्यावर आम्ही तासन्‌तास उभे राहत होतो, तेव्हा त्या वादकांना कोणी हिणवत नव्हते. सासऱ्यांशी वाद घालू नका. त्यांना तालमीला एकदा बरोबर घेऊन जा आणि मैदानाच्या कडेला खुर्ची मिळेल एवढे पाहा.

कोथरूडची आई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गुरुवारी तालीम पाहून आले. सरांनी तिच्या हातात क्लॅरिनेट दिले. अनामिका पोहोचली, पण दहा मिनिटांत अंगठा दुखायला लागला, तेव्हा त्यांनी गळ्यात अडकवायचा पट्टा वापरायला सांगितले आणि साइड ड्रमचा आग्रह सोडला. शाळा स्पर्धेत उतरत नाही. पण वर्षाला चार नव्या धुना शिकवतात, असे सर म्हणाले. गुरुजींना तबल्याचा रियाज रोज अर्धा तास होईल असा शब्द दिला आहे आणि तो मलाच पाळून घ्यावा लागणार आहे. सासरे आले नाहीत. मात्र परत आल्यावर, वाद्य काळे असते की पितळेचे, हे त्यांनी विचारले.

संमतीपत्रावर सही केली आहे, २६ जानेवारीपर्यंत न सोडण्याच्या बोलीवर. मंगळवार माझा आणि शनिवार तिच्या बाबांचा. गुरुवारचे काही अजून जमलेले नाही. कोथरूड डेपोकडून त्या वेळी डेक्कनला कोणाची मुले जात असतील तर कृपया इथे कळवावे. पेट्रोलचा खर्च वाटून घेऊ.