मदत हवी आहे : ध्रुव दिसत नसताना माउंट ध्रुवाला कसा लावायचा?

मंडळी, कोथरूडला गच्चीवरून बघतो. ६ इंची दुर्बीण, गो-टू (तारा निवडला की आपोआप तिकडे वळणारा) असलेला इक्वेटोरियल माउंट, म्हणजे ज्याचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो तो स्टँड. उत्तरेला नवीन टॉवर उभा राहिलाय, आणि पुण्यातून ध्रुव जेमतेम साडेअठरा अंश वर, त्यामुळे तो कायमचा झाकला गेला. (बिल्डरला सांगून उपयोग नाही हे माहीत आहे!)

सध्या अक्षांशाच्या पट्टीवर १८.५ लावतो आणि फोनच्या होकायंत्राने उत्तर धरतो. पण गच्चीतल्या लोखंडी सळ्या आणि माउंटचं स्वतःचं लोखंड, त्यामुळे काटा रोज वेगळंच सांगतो.

प्रश्वा आणि मघा घेऊन दोन ताऱ्यांचं अलाइनमेंट (गो-टूला आकाशातल्या दिशा कळाव्यात म्हणून) केलं की पूर्वेकडचं सगळं आयपीसमध्ये नीट येतं. मध्यमंडल (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडून कृत्तिकांकडे पाठवलं की जवळजवळ एक अंश चुकतं, तेही नेहमी एकाच बाजूला. नळी डेक्लिनेशनच्या (खगोलीय विषुववृत्तापासूनच्या उत्तर-दक्षिण अंतराच्या) अक्षाला काटकोनात नसेल, म्हणजे कोन एरर असेल, असा संशय आहे. तसं असेल तर डव्हटेलखाली (नळी माउंटला जोडणाऱ्या दांड्याखाली) पत्र्याची पट्टी घालायची का? की पश्चिमेचाही एक तारा अलाइनमेंटमध्ये घेतला तर भागेल?

दुसरं, ड्रिफ्ट पद्धत, म्हणजे तारा आयपीसमध्ये कुठे सरकतो ते बघून माउंट ध्रुवाला लावणं. दिगंशासाठी (माउंटची डावी-उजवी दिशा) मृगाच्या बाणातला वरचा तारा मध्यमंडलावर असताना घेईन, तो खगोलीय विषुववृत्तावरच आहे. उन्नतांशासाठी (माउंटचा वर-खाली कल) पूर्वेला खाली असलेला तारा हवा, पण तिकडे शहराचा उजेड. वीसेक अंशांवरची मघा चालेल का? तिचं डेक्लिनेशन १२ अंश आहे, त्याने कितपत फरक पडेल?

फोटो काढत नाही, फक्त बघायचंय.