हौशी वादकाने ‘ला कांपानेल्ला’ वाजवलं, तर सल्ला काय द्यायचा?

घंटाळीकर:
ठाण्यातल्या एका घरगुती मैफलीत हौशी वादकाने संगीतकार फ्रान्झ लिस्टची पियानोरचना ‘ला कांपानेल्ला’, १८५१ची आवृत्ती, अपराइटवर (उभ्या पियानोवर) वाजवली. ध्वनिमुद्रण सगळ्यांनी ऐकलं आणि शेरे काय, तर ‘मस्त, अजून थोडा रियाज हवा’. असल्या शेऱ्याने वादकाच्या हाती काहीच लागत नाही. सुरुवातीच्या उड्यांत करंगळी डी शार्पच्या काळ्या पट्टीवरून घसरून शेजारच्या डी किंवा ई वर पडते, हे सांगा ना! माझ्या मते लय निम्म्यावर आणावी. लिस्टने आलेग्रेत्तो (मध्यम-जलद) लिहिलंय, प्रेस्तो (अतिजलद) नाही. सलग चार वेळा स्वच्छ आलं की मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला दोन ठोक्यांनी वाढवावा. घाईत चुकीची जागा हाताला पाठ होते आणि मग सुटता सुटत नाही.

कोलशेत_८८:
उड्यांपुरता हा सल्ला मला चुकीचा वाटतो. काही उड्या दोन सप्तकांच्या, म्हणजे सुमारे ३३ सेंटिमीटर. शाळेतल्या फूटपट्टीहून जास्त अंतर, आणि मधे विश्रांती नाही. ठाय लयीत हात उंच उचलून, बघून ठेवायला वेळ मिळतो. द्रुत लयीत तो मिळत नाही. तिथे हात पट्ट्यांच्या लगत, उथळ कमानीतून जावा लागतो. हालचालच वेगळी, मग ठाय लयीतली काय कामाची?
दोनच स्वर घ्या. खालचा वाजवा, झटक्यात डी शार्पवर जा, पण पट्टी दाबू नका, करंगळी नुसती टेकवा. जागा बरोबर असेल तरच दाबा. उडी पूर्ण वेगात, थांबा हवा तेवढा. काळी पट्टी जेमतेम सेंटिमीटरभर रुंद असते, म्हणून करंगळी टोकावर उभी नको, जरा आडवी पडू द्या.

घंटाळीकर:
दोन स्वरांचा उपाय चांगला आहे, घेतो. पण असे तुकडे जोडले की प्रत्येक उडीआधी बारीकशी ठेच लागते आणि सहा-आठच्या तालाचा झोका मोडतो. या मुद्रणात तेही ऐकू येतंय. धीम्या लयीत सलग वाजवल्याशिवाय ती ठेच जात नाही.

ऐरोलीकर:
वाद्याकडेही बघा. मधे एकच स्वर भराभर वाजवायचा आहे, तिथे काही आघात गिळले गेलेत. अपराइटची पट्टी जवळजवळ पूर्ण वर आल्याशिवाय हातोडी पुन्हा मारत नाही. ग्रँडमध्ये (आडव्या पियानोत), पियानो बनवणाऱ्या एरारच्या १८२१च्या रचनेमुळे, पट्टी अर्ध्यावरून पुन्हा दाबता येते. त्यात पावसाळी दमट हवेने फेल्ट फुगलं असेल तर पट्टी आळसावून परतते. वादकाला सांगा, ४-३-२-१ अशी बोटं बदला आणि प्रत्येक बोट आपल्याकडे ओढून पट्टी लवकर मोकळी करा.
आणि फोनवरच्या मुद्रणावरून ‘चढउतार नाहीत’ असं कृपया लिहू नका. बरेचसे फोन मोठा आवाज आपोआप दाबतात आणि लहान वर उचलतात.

कोलशेत_८८:
आघातांचं पटलं. पण अनामिका-करंगळीची ट्रिल (दोन शेजारच्या स्वरांची भराभर आलटापालट) अडखळते, तिचा दोष वाद्यावर नको. मनगट आखडलंय. उड्यांचा ताण हातात तसाच राहतो. ट्रिल सुरू होण्याआधी कोपर सैल सोडा, आघात निम्मे करा, बोटं कमी उचला आणि हात किंचित फिरवून वाजवा. आघात कमी चालतील, समान हवेत.