जुन्या टाटा ४०७ ट्रकमध्ये टकटक, मिस्त्री म्हणतो इंजिन उतरवा. सल्ला हवाय

चिरेवाला_कुडाळ
नमस्कार मंडळी. आमची जुनी ४०७ आहे, साध्या डिझेल पंपाची, कॉमन रेल (नवी, खूप दाबाची डिझेल यंत्रणा) नाही. एरवी चिऱ्याच्या खेपा आणि आंबा सुरू झाला की वाशी. हल्ली लोड घेऊन चढावाला लागली की इंजिनातून टकटक येते, गरम झाली तरी जात नाही, उभ्या गाडीला थोडी रेस ठेवली तरी पुसट ऐकू येते. एका मिस्त्रींनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले बिगीन (पिस्टनच्या दांड्याचं क्रँकशाफ्टवरचं बेअरिंग) गेलं, इंजिन उतरवा, क्रँक ग्राइंडिंगला जाईल. दुसरे म्हणतात टॅपेट मारा (व्हॉल्वची फट जुळवा), बाकी काही नाही. कणकवली-कुडाळ पट्ट्यात नीट निदान करणारं कोणी असेल तर सुचवा, नाहीतर मी स्वतः काय बघू ते सांगा. सीझन तोंडावर आलाय.

घाटवळण
भाऊ, टॅपेटचा आवाज वरून येतो, बारीक असतो, स्लोला पण ऐकू येतो आणि लोडने त्यात फारसा फरक पडत नाही. त्यामुळे टॅपेट मला पटत नाही. बिगीनचा आवाज जड, खालून, ओढताना वाढणारा, आणि ऑइल गरम होऊन पातळ झालं की आणखी वाढतो. ऑइल प्रेशर किती दाखवतंय? आणि चढाला टॉपमध्येच रेटता का? कमी आरपीएमला ओढायला लावलं तर धडधाकट डिझेल पण ठोकतं, गिअर खाली टाकून बघा.

चिरेवाला_कुडाळ
तिसऱ्यात पण येतो. प्रेशर गरम असताना पण पडत नाही, मीटर खरं बोलत असेल तर.

मिरकरवाडा_बर्फ
मीटरवर जाऊ नका, गॅरेजमध्ये साधं गेज लावून मोजून घ्या, काम किरकोळ आहे. ऑइल काढून कपड्यावर गाळा, चमचम कण दिसले तर गाडी तिथेच उभी करा, मग इंजिन उतरवा म्हणणारे मिस्त्री बरोबर आहेत. नसतील तर आधी फुकटातलं बघा. पट्टा काढून मिनिटभरच स्टार्ट करा, आवाज गेला तर वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) किंवा डायनामोचं बेअरिंग. धुराच्या मॅनिफोल्डच्या पॅकिंगजवळ काजळी दिसते का बघा, तिथून गॅस फुटला की लोडवर अशीच टिकटिक येते आणि भलेभले फसतात. इंजिन फाउंडेशनचे (इंजिन चासीवर बसतं तिथले) रबर आणि बोल्ट पण बघा, आमच्या मासळीच्या गाड्यांना बर्फाचं खारं पाणी गळून गळून ते बोल्ट खाऊन टाकतं, तुमचा धंदा चिऱ्याचा म्हणजे तेवढं नसेल.

आजोबा_डिझेल
मिस्त्रीक इतकी घाई कित्याक? आवाज कुठल्या सिलिंडरचा ता आधी शोध. रेस स्थिर ठेव आणि नोजलकडचा (नोजल म्हणजे सिलिंडरात डिझेल फवारतो तो) पाइपाचा नट एकेक करून अर्धा फेरा ढिला कर, परत आवळ, मग पुढचा. ज्याचा ढिला केल्यावर टकटक कमी होते तो तुझा सिलिंडर. वर जाड फडका धर, बोट जवळ नेऊ नको, डिझेलची धार कातडीत घुसते. कॉमन रेलवर हे कधीच करायचं नाही, तिथे प्रेशर हजार बारच्या वर जातं.
पण बाबा, एवढ्यावर नोजल म्हणून मोकळा होऊ नको. डिझेल बंद झालं की त्या सिलिंडरचा धक्काच बंद होतो, मग बिगीन असलं तरी आवाज कमीच होणार. म्हणून तो नोजल काढून बाजूच्या सिलिंडरला घाल. आवाज नोजलबरोबर सरकला तर नोजल, तिथेच राहिला तर खाली बिगीन नाहीतर पिस्टन-पिन.

चिरेवाला_कुडाळ
आजोबा, पाया पडतो. ऑइल गाळलं, कण नाहीत. गेज लावलं, प्रेशर ठीक. पट्टा काढून काही फरक नाही. दोन नंबरचा नट ढिला केला आणि टकटक गेली, नोजल तीनला टाकला तर आवाज तीनला! आता पंपवाला (डिझेल पंप-नोजलचं काम करणारा) कोणता धरू?

घाटवळण
ज्याच्याकडे नोजल टेस्टर आहे आणि जो तुमच्यासमोर दाब मारून फवारा दाखवतो, तो धरा. चारही तपासून घ्या, एकच बदलला तर बाकीच्यांशी जमत नाही. गळणारा, धार सोडणारा नोजल लगेच कळतो.

मिरकरवाडा_बर्फ
आणि नोजलखालचे तांब्याचे वॉशर नवेच घाला. जुना वॉशर खाली सीटला चिकटून राहतो, पोरं न बघता त्यावर नवा ठेवतात आणि नोजल वर उचलला जातो. टॉर्च लावून आत बघा.