मदत हवी आहे: आईच्या झडपेची छोट्या चिरेतून शस्त्रक्रिया, हृदय थांबवलं की स्नायू कसा सांभाळतात?

सिंहगडरोडकर:
नमस्कार मंडळी. आई ६१ वर्षांची. जिना चढताना धाप लागायची म्हणून इको केला, तर मायट्रल झडपेला जोरदार गळती निघाली. पुण्यातल्याच एका सर्जननी उजव्या बरगड्यांमधून पाच-सहा सेंटिमीटरची चीर देऊन झडप दुरुस्त करू, नाहीच जमलं तर बदलू, असं सांगितलंय. छातीचं हाड कापणार नाहीत म्हटल्यावर आई खूश आहे. पर्वती पुन्हा चढायचे बेत सुरूही झालेत.

अडकलोय तो मी. निघता निघता डॉक्टर सहज बोलून गेले की या पद्धतीत हृदय थांबवून ठेवायचा वेळ थोडा जास्त लागतो. तेवढा वेळ त्या स्नायूला रक्त नाही, मग तो जगतो कसा? मी चाकणला मेंटेनन्समध्ये आहे. पंप बंद ठेवला तर काय होतं ते मला कळतं, पण पंप मांसाचा असेल तर?

रिपोर्टमध्ये ईएफ (दर ठोक्याला डाव्या जवनिकेतलं किती टक्के रक्त बाहेर फेकलं जातं तो आकडा) ५५ टक्के आहे, म्हणजे हृदय चांगलं आहे असं धरून चाललोय. बाकी 'सिव्हिअर एमआर, मॉडरेट एआर, डावी कर्णिका मोठी' असं लिहिलंय; एमआर म्हणजे ही मायट्रलची गळती आणि कर्णिका म्हणजे हृदयाचा वरचा कप्पा, एवढं कळलं. कोणी जाणकार आहे का इथे?

मुठाकाठ:
दुसरं मत घ्या. आमच्या मेव्हण्यांची हाड कापूनच केली, आता रोज सारसबागेत फिरतात.

सिंहगडरोडकर:
धन्यवाद. दुसरं मत घेणारच आहे, पण तिथे गेल्यावर विचारायचं काय हेच कळत नाहीये.

पंपाशेजारी:
मी पर्फ्युजनिस्ट, म्हणजे हृदय-फुप्फुसाच्या मशीनमागे बसणारा. डॉक्टर नाही, आणि तुमच्या आईंना पाहिलेलंही नाही. हे फक्त नीट प्रश्न विचारता यावेत म्हणून लिहितोय.

महारोहिणीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीला, क्लॅम्प (चिमटा) लागला की मशीन बाकी सगळ्या शरीराला रक्त देत राहतं, उपाशी राहतं ते एकटं हृदय. उपाशीपोटी धडधडत राहिलं तर साठा भराभर संपेल, म्हणून त्याला आधी निजवायचं. पोटॅशियम जास्त असलेलं गार द्रावण त्याच्याच धमन्यांत सोडतात, त्याला कार्डिओप्लेजिया म्हणतात. हृदय सैल पडून थांबतं. लोकांना वाटतं थंडीमुळे ते वाचतं. थंडीची मदत होतेच, पण खरी बचत काम थांबण्यात आहे: नुसतं थांबल्यानेच प्राणवायूची गरज जवळजवळ ९० टक्क्यांनी उतरते. लंडनमध्ये मेलरोझ यांनी १९५५ मध्ये पोटॅशियम सायट्रेट वापरून हे पहिल्यांदा केलं. द्रावण फार तीव्र असल्याने स्नायूलाच इजा व्हायची, म्हणून ते मागे पडलं आणि सौम्य रूपात १९७० च्या दशकात परत आलं.

आता छोट्या चिरेचं. छाती उघडी असते तेव्हा सर्जन हृदयावर बर्फाचा चुरा टाकू शकतो, हात लावून ते सैल आहे की फुगतंय हे बघू शकतो. बरगड्यांमधून हात पोहोचत नाही, मग भिस्त घशातून घातलेल्या इकोवर आणि ईसीजीवर. शिवाय नेहमीचा रक्तमिश्रित कार्डिओप्लेजिया साधारण दर १५-२० मिनिटांनी पुन्हा द्यावा लागतो, आणि कर्णिका ओढून धरणारा रिट्रॅक्टर महारोहिणीच्या मुळाशी असलेली झडप वाकडी करतो. म्हणजे प्रत्येक डोसला तो सैल करा, काम थांबवा. म्हणून बऱ्याच टीम एकाच डोसात जास्त वेळ टिकणारं काहीतरी निवडतात. डेल निडो मुळात लहान मुलांच्या हृदयासाठी पिट्सबर्गला तयार झालं: चार भाग द्रावण, एक भाग रक्त, त्यात लिडोकेन हे बधिर करणारं औषध, साधारण दीड तासाचा हिशोब. दुसरं कस्टोडिओल, ते त्याहून जास्त चालतं, पण त्यात सोडियम अगदी कमी, त्यामुळे रक्तातलं सोडियम घसरतं, ते सांभाळावं लागतं. यातलं श्रेष्ठ कोणतं, यावर आमच्यात चहाच्या टेबलावर भांडणं होतात. टीमचा हात ज्यावर बसलाय ते चांगलं, असं माझं मत.

पण तुमच्या रिपोर्टमधलं मला टोचलं ते 'मॉडरेट एआर'. म्हणजे महारोहिणीची झडपही गळते. मुळाशी सोडलेलं द्रावण धमन्यांत जायच्याऐवजी त्या गळक्या झडपेतून डाव्या जवनिकेत (खालच्या कप्प्यात) उतरतं: स्नायूला मिळत नाही, वर हृदय फुगतं. मग ते कोरोनरी सायनसमधून, म्हणजे हृदयाच्याच मोठ्या शिरेतून, उलट्या दिशेने द्यायचं, किंवा महारोहिणी उघडून थेट धमन्यांच्या तोंडाशी. गळती खरंच मध्यम असेल तर कित्येक सर्जन छोट्या चिरेचा बेतच बदलतात. हे आधी विचारा.

आणि ५५ वर निर्धास्त राहू नका. मायट्रल गळतीत रक्त सोप्या वाटेने मागे जातं, त्यामुळे ईएफ असतो त्याहून चांगला दिसतो. या आजारात ६० किंवा त्याखाली आला की स्नायू थकायला लागलाय असं धरतात.

भूलभुलैया:
वरच्याशी सहमत, मी भूल देणारी. भुलेच्या डॉक्टरांना आधी भेटाच, घशातून इको बहुधा त्याच करतील. आणि पायातून नळ्या घालणार असतील तर मांडीपर्यंतच्या रक्तवाहिन्यांचा सीटी झालाय का ते विचारा.

सिंहगडरोडकर:
चार दिवसांनी लिहितोय. डॉक्टरांना एआरबद्दल विचारलं, तर त्यांनी रिपोर्ट पुन्हा उघडला आणि म्हणाले, 'आधी घशातून इको करून ही गळती पक्की करू, मग चीर ठरवू.' तारीख पुढे गेली. मध्यम निघाली तर हाड कापूनच करायची, हेही स्पष्ट सांगितलं. आई दोन दिवस गप्प होती, आज म्हणाली, 'पर्वती कुठे पळून जाते का?'

इको मंगळवारी आहे. काही तयारी?

पंपाशेजारी:
उपाशीपोटी जायचं, किती तास ते हॉस्पिटल सांगेल तसं. आईंना कवळी असेल तर आधी काढावी लागते, डबी बरोबर ठेवा.