मोटार अपघात क्लेम आणि विम्याच्या केसेस: मराठवाड्यात नव्या वकिलाला वाव किती?

नवी_सनद_परभणी
सनद मिळाली, एआयबीई (वकिलांची अखिल भारतीय बार परीक्षा) पण पास. वाटपाच्या दाव्यांत पिढ्या जातात म्हणून एमएसीटीकडे (मोटार अपघात दावा न्यायाधिकरण) वळायचा विचार आहे. अर्जदाराची (जखमी किंवा मयताचे वारस) बाजू धरावी की विमा कंपनीच्या वकिलांच्या पॅनेलमागे लागावं? कंपनीत नोकरी मिळते का? आणि टक्केवारीवर केस घेणं चालतं का?

क्लेमवाला_लातूर
सुरुवात अर्जदाराच्या बाजूनेच होते. पॅनेलवर घेताना काही वर्षांची वकिली बघतात.

आधी हिशोब पाठ करा. मयत ३२ वर्षांचा, कमाई महिना १२,०००, मागे बायको, दोन लेकरं आणि आई. स्वतःचा धंदा किंवा मजुरी असून वय चाळिशीच्या आत असेल तर भविष्यातील वाढ ४०%, म्हणजे १६,८००. अवलंबून चार जण, म्हणून स्वतःच्या खर्चाचा १/४ वजा: १२,६००. वर्षाचे १,५१,२००. ३१ ते ३५ वयाला गुणक १६, म्हणजे २४,१९,२००. सहचर्य (जवळचं माणूस गमावल्याबद्दल), अंत्यविधी वगैरे रकमा वेगळ्या. गुणक आणि वजावट सरला वर्मा (२००९), भविष्यातील वाढ प्रणय सेठी (२०१७). हे दोन निकाल उशाला ठेवून झोपा.

केस बुडते ती कायद्यावर नाही, कागदावर. शेतकऱ्याचा नुसता सातबारा लावला तर कंपनी म्हणते, जमीन वारसांकडेच आहे, नुकसान कसलं? म्हणून तो स्वतः राबत होता, आता सालगडी ठेवावा लागतो, याचा पुरावा द्या. वयाला शाळेचा टीसी. जखमीच्या केसमध्ये अपंगत्वाचं प्रमाणपत्र फाइलला लावून भागत नाही, ते देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला आणावं लागतं. शिवाय पायाचं ४०% अपंगत्व म्हणजे कमाईतही ४०% घट, असं नसतं. ड्रायव्हरला ते जवळपास शंभर टक्के भोवू शकतं, टेबलावरच्या कारकुनाला फारच कमी. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) यासाठीच वाचायचा.

मुदतीचं बघा. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) प्रमाणे अपघातापासून सहा महिने. त्याला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं गेलंय, पण त्या भरवशावर बसू नका.

पॅनेल_संभाजीनगर
कंपनीच्या बाजूबद्दल सांगतो. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या आणि बाकी खासगी. फी ठरलेली आणि कमी, बिलं रखडतात, पण काम सातत्याने येतं. फाइल हातात आली की पहिल्याच दिवशी पॉलिसीचा कालावधी, लायसन्स, परमिट, फिटनेस तपासा. ‘पॉलिसी नाकबूल’ अशी ठोकळेबाज कैफियत (लेखी उत्तर) देणारे पॅनेलवर टिकत नाहीत. लायसन्सचा जुना बचाव आता लंगडा झालाय: नोव्हेंबर २०२४ च्या घटनापीठाच्या निकालानुसार ७,५०० किलोच्या आतलं मालवाहू वाहन एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर चालवता येतं.

अपील आपल्या औरंगाबाद खंडपीठात, ९० दिवसांत. ज्याला भरपाई भरायची आहे त्याने अपील केलं तर त्याला २५,००० किंवा अवॉर्डच्या (मंजूर भरपाईच्या) ५०%, यातलं जे कमी असेल ते आधी जमा करावं लागतं. खंडपीठापुढे नीट उभं राहणाऱ्याची गरज नेहमीच असते.

नोकरीचं: सरकारी कंपन्या प्रशासकीय अधिकारी (लीगल) भरतात. पण पूर्ण पगारी नोकरी धरली की वकिली बंद, सनद स्थगित करावी लागते. इन्शुरन्स इन्स्टिट्यूटची लायसेन्शिएट (विम्याची प्राथमिक) परीक्षा दिलेली असेल तर पॉलिसीची भाषा तरी कळते.

बार_रूम_बीड
टक्केवारी अजिबात नाही. निकालावर ठरलेली फी किंवा भरपाईतला वाटा बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. परदेशी सिरियलमध्ये बघता ते तिकडचं. सिव्हिल हॉस्पिटलच्या दारात वकीलपत्रं घेऊन उभं राहणंही गैरवर्तनच. ठरलेली फी हप्त्याने घ्या.

नवी_सनद_परभणी
ऊसतोड मजुरांच्या केसेस? ट्रॉली उलटते आणि कंपनी हात वर करते.

क्लेमवाला_लातूर
हात वर करायला तिला जागा असते. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्याला पॉलिसीचं संरक्षण नाही. म्हणून मजूर कामावर होता, हे उभं करायचं. त्यासाठी मुकादमाची उचलीची (आगाऊ दिलेल्या रकमेची) नोंद, तोडणी-वाहतुकीचा करार, कारखान्याच्या स्लिपा. तेवढं जमलं तर कर्मचारी भरपाईचा रस्ता बघा; त्यासाठी आधी १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा होता, नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० आली. १९२३ च्या कायद्यात मृत्यूला पगाराच्या ५०% गुणिले वयाचा घटक असा हिशोब होता, पगार १५,००० पर्यंतच धरत. मुदत दोन वर्षं होती, व्याज १२%. विलंबाचा दंड मात्र मालकावर होता, कंपनीवर नव्हता.

कर्मचारी भरपाई आणि मोटार वाहन कायदा, दोन्हींखाली मागता येत नाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६७ प्रमाणे एकच रस्ता निवडावा लागतो. तरुण मयत असेल तर आधी दोन्ही आकडे मांडून बघा, बहुतेक वेळा मोटार वाहन कायद्याचा आकडा मोठा येतो. पण ट्रॉलीची पॉलिसीच नसेल तर मोठा अवॉर्ड घेऊन मालकामागे वसुलीला फिरावं लागेल.

आणि अपघात सांगलीकडे झाला म्हणून तिकडे खेपा घालायची गरज नाही. अर्जदार राहतो तिथल्या न्यायाधिकरणात अर्ज चालतो. बीड, अंबाजोगाई, परभणी, जिथे राहत असेल तिथे.

पॅनेल_संभाजीनगर
ट्रॅक्टरची आणि ट्रॉलीची पॉलिसी वेगळी असू शकते. दोन्हींचे नंबर घटनास्थळ पंचनाम्यात आलेत का, हे पहिल्याच आठवड्यात बघा. पंचनाम्यात ट्रॉलीचा नंबर नसतो तिथे आम्ही पहिला हल्ला करतो.