कॉर्डोटॉमीनंतर मानेचा एमआरआय कसा घ्यावा?

एमआरआय तंत्रज्ञ, कोल्हापूर: उजव्या छातीतल्या कॅन्सरच्या वेदनेसाठी डावीकडून सी१-सी२ला (मानेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यांच्या पातळीवर) कॉर्डोटॉमी, म्हणजे मज्जारज्जूतला विरुद्ध बाजूच्या वेदनेचा मार्ग तोडण्याची प्रक्रिया, झालेला पेशंट उद्या येतोय. नेहमीचा मानेचा प्रोटोकॉल चालेल?

न्यूरोरेडिओलॉजिस्ट: नको. त्यात आडवे काप (आडव्या छेदाच्या प्रतिमा) बहुतेकदा सी२-सी३पासून सुरू होतात, प्रक्रियेत केलेली जखम त्याच्या वर राहते. कवटीच्या तळापासून सी३पर्यंत ३ मिमीचे टी२ काप (पाणी-सूज पांढरी दाखवणाऱ्या प्रतिमा) घ्या. मज्जारज्जूच्या डाव्या अर्ध्यात, पुढच्या-बाहेरच्या भागात पांढरा ठिपका दिसेल. सुरुवातीला सुजेमुळे तो खऱ्या जखमेपेक्षा मोठा दिसतो, म्हणून प्रक्रियेची तारीख फॉर्मवर लिहाच.

वेदनातज्ज्ञ: ठिपका मागे पसरला असेल तर डाव्या पायाची ताकद बघा, हालचालीचा मार्ग तिथंच आहे. आणि पोटात मॉर्फिनचा पंप आहे का, हे आधी विचारा! काही पंप चुंबकात थांबतात, काही आधी रिकामे करावे लागतात. मॉडेल कळल्याशिवाय पेशंटला आत घेऊ नका.