आसव-अरिष्टांच्या विक्रीवर बंधन कोणाचे?

प्रश्न (चोपडा): आमच्याकडे किराणा दुकानातही आसवे-अरिष्टे (आंबवून केलेली, मद्यांश असलेली आयुर्वेदिक औषधे) मिळतात आणि काही तरुण दोन चमच्यांऐवजी अख्खी बाटली एका दमात रिचवतात. याला कायद्याचा अटकाव नाही का?

औषधविक्रेता, धुळे: १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार आयुर्वेदिक औषध बनवायला परवाना लागतो, किरकोळ विक्रीला मात्र नाही, खरी फट इथेच आहे. मृतसंजीवनी सुरा या जास्त मद्यांशाच्या आयुर्वेदिक औषधाची बाटली ३० मिलिपेक्षा मोठी नसावी, असा नियम आहे, पण दहा बाटल्या एकदम नेणाऱ्याला कोण अडवणार?

वैद्य, जळगाव: आसवातले मद्य वरून ओतलेले नसते. गुळाच्या पाण्यात धायटीची फुले (आपल्या सातपुड्यात ती भरपूर आहेत) घालून भांड्याचे तोंड बंद केले, की ते आंबून आपोआप तयार होते आणि औषध टिकवते. बाळंतिणीला दशमूलारिष्ट देणाऱ्या घरांना सरसकट बंदीचा त्रास होईल, म्हणून ती नको. जास्त मद्यांशाच्या औषधांना तरी वैद्याची चिठ्ठी सक्तीची करावी, असे मला मनापासून वाटते.

वकील, अमळनेर: महाराष्ट्र दारूबंदी कायद्याच्या कलम २४-अ ची दारूबंदीतून सवलत मादक पेय म्हणून वापरण्यास अयोग्य असलेल्या औषधांनाच आहे. त्यामुळे बाटलीवरील बॅच क्रमांकासह अन्न व औषध प्रशासन आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग, या दोन्हींकडे लेखी तक्रार करा.